भिजत घोंगडं, बुकिंग चालू

दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी सिंहगड रोडनं खडकवासल्याकडे निघालात आणि मध्येच ट्रॅफिक ठप्प झालं, तर लगेच महापालिकेच्या नावानं बोटं मोडू नका. पुढे मेंढ्या असू शकतात! शे-दोनशे मेंढ्या, दोन-तीन घोडी, घोडीच्या पाठीवर बांधलेला अख्खा संसार, त्या संसारावर बसून पुणे दर्शन करणाऱ्या कोंबड्या आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत निघालेली एखादी आजी. मागचा बाइकवाला हॉर्न वाजवून दमतो. मेंढ्या ढिम्म. आजी त्याहून ढिम्म.

आपण काय करतो? काच खाली, मोबाइल बाहेर, एक फोटो, त्याखाली ‘ओन्ली इन पुणे’ आणि पुढे धरणावर कणीस खायला रवाना. मेंढ्या फोटोपुरत्या, मटण रविवारपुरतं. त्या मेंढीच्या अंगावर जे वाढतं त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. आपल्या लेखी लोकर म्हणजे मॉलमधलं मेरिनो वूलचं स्वेटर, तेही एंड ऑफ सीझन सेलमध्ये!

गेल्या हिवाळ्यात डोणजे फाट्याच्या अलीकडे एका मोकळ्या वावरात असाच एक वाडा उतरला होता. वाडा म्हणजे शनिवारवाडा टाइप काही नाही हं. चार-पाच बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं मिळून एक वाडा. फलटण, माण, बारामती, अहिल्यानगर अशा कोरड्या मुलखातून हे लोक निघतात, कुणी मावळ-मुळशीकडे, कुणी थेट घाट उतरून कोकणात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत शेतकरी रात्रीपुरत्या मेंढ्या आपल्या वावरात बसवून घेतात, कारण लेंडीखतासारखं खत नाही. बदल्यात धान्य किंवा पैसे. सॉलिड बार्टर सिस्टिम आहे.

वाड्यावरची तरणी माणसं मेंढरं घेऊन गेली होती. मागे कोकरं सांभाळत एक आजी बसली होती आणि हातातली टकळी गरागरा फिरत होती.

“आजी, ही लोकर विकता का?”

“कोन घेतंय पोरी? कातरायला पैसं जात्यात. लोकर तशीच पडून ऱ्हाती. दोन साल झालं, टाकूनच देतो.”

“मग हे सूत कशाला काढताय?”

“हात गप बसत न्हाईत म्हनून.”

घोंगडं विणून कोण देतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “आता कोन ऱ्हायलंय? म्हसवडला हाईत दोन-चार म्हातारी. जा, बगून ये.”

म्हसवडला जाण्याआधी थोडं मेंढीपुराण सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. ही जी काळी, राखाडी, काटक मेंढी आपण रस्त्यावर बघतो, ती दख्खनी. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारी, दुष्काळात काटेकुटे खाऊन तगणारी. तिची लोकर जाड आणि राठ. वर्षातून दोनदा कातरावीच लागते, नाहीतर मेंढीचेच हाल. पण गिरण्यांना हवी असते पांढरी आणि मऊ लोकर. म्हणजे कातरणी चुकत नाही आणि गिऱ्हाईक मिळत नाही! मग मेंढपाळ सरळ हिशेब करतो. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची एक मेंढी आहे. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक. अंगावर लोकर नावापुरती, पण वजन भरते झकास. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर दख्खनी मेंढीतच बंगालच्या छोट्या गरोळ मेंढीचा गुण आणून जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मटणाचा भाव बघता ज्यानं त्यानं बरोबरच केलं. फक्त या गणितात लोकर मायनस झाली, आणि लोकरीबरोबर तिच्यावर जगणारी माणसं.

‘देसी ऊन’ नावाची एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म आहे, खऱ्या दख्खनी लोकरीतून केलेली. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅनसी महोत्सवात तिला ज्युरी अ‍ॅवॉर्ड मिळालं. म्हणजे आपली लोकर फ्रान्सला जाऊन टाळ्या घेऊन आली, आणि इथे वावराच्या बांधावर ढीग लागलाय. ग्रेट!

तर म्हसवड. पुण्याहून फलटण-दहिवडी करत साधारण चार-साडेचार तास. तालुका माण, जिल्हा सातारा. सिद्धनाथाचं देऊळ, मोठी यात्रा, आणि १९९७ मध्ये सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक इथलीच. घोंगड्यांसाठीही गावाचं नाव जुनं. धनगरांची लोकर आणि सणगरांचा माग अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची पार्टनरशिप. आता गल्लीत शिरल्यावर मागाचा आवाज शोधावा लागतो.

मला सापडला. एक आजोबा आणि एक आजी, दोघंही सत्तरीपार. मुलगा रांजणगावला कंपनीत. “त्याला यातलं काय येत न्हाई,” आजोबा म्हणाले, आणि आवाजात तक्रार अजिबात नव्हती. उलट थोडा अभिमानच होता. मुलाला पीएफ आहे!

घोंगडं कसं होतं ते बघाच एकदा. आधी लोकर निवडायची. काळी वेगळी, राखाडी वेगळी, पांढरी वेगळी. रंग देत नाहीत, मेंढीचा तोच घोंगड्याचा. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ, त्यामुळे जावळाचं घोंगडं म्हणजे एकदम प्रीमियम सेगमेंट. निवडलेली लोकर पिंजायची, पेळू करायचे, मग आजी चरख्यावर बसणार. हे काम पाहायला जाम शांत आणि करायला जाम वेळखाऊ. माग एकाचा चालतो, पण त्याला सूत पुरवायला दोन-तीन जणी लागतात. गावात विणणारा एखादा तरी भेटेल, सूत काढणाऱ्या आज्या मात्र एकेक करून कमी होताहेत, आणि त्यांच्या जागी नवीन कुणी बसत नाही.

सूत झालं की ताणा. आणि मग पांजणी! हा माझा फेव्हरिट पार्ट. चिंचोके भिजवायचे, साल काढायची, वाटून शिजवायचे. त्याची चिकट खळ होते. घराबाहेरच्या मोकळ्या जागेत खुंट्यांवर ताणा लांबच लांब पसरायचा आणि मोठ्या कुंच्यानं ती खळ सुताला पाजायची. एक कुंचा आजोबांच्या हातात, दुसरा आजींच्या. दोघं एका लयीत पुढे सरकतात. मध्ये बोलणं नाही. मध्ये उन्हानं दगा दिला किंवा चार थेंब पडले, तर सगळी मेहनत चिकटून बसणार. ‘भिजत घोंगडं’ हा शब्द आपण मीटिंगमध्ये सहज फेकतो ना? या दोघांसाठी भिजलेला ताणा म्हणजे अख्ख्या आठवड्यावर पाणी.

शेवटी माग. खड्ड्यातला. विणणारा काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, पायांनी पावट्या दाबायच्या आणि हातानं धोटा इकडून तिकडे. आजोबांना त्या खड्ड्यात उतरताना बघितलं आणि मला माझी ऑफिसमधली अर्गोनॉमिक खुर्ची आठवली. आधी एक हात भिंतीला, मग एक गुडघा, मग दुसरा. उतरायलाच दोन मिनिटं. एकदा बसले की मात्र जेवणाच्या वेळेपर्यंत उठत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, “सारखं चढ-उतार कोन करतंय?”

आता पैशाचं बोलू. आजोबांच्या हिशेबानं एका घोंगड्याला आजींचे सात-आठ दिवस सूत काढण्यात जातात, एक दिवस पांजणीत, दोन-तीन दिवस मागावर. ढोबळ अकरा दिवस धरा. घोंगडं विकतात अडीच हजारांना. लोकर, पिंजणावळ, चिंचोके वगैरेचे तीनेकशे वजा करा. राहिले २२०० रुपये. भागिले अकरा. दिवसाला २०० रुपये! आणि हा भाव कधी, तर गिऱ्हाईक थेट दारात आलं तर. एरवी व्यापारी लोकर किंवा सूत आगाऊ देतो, घोंगडं उचलतो, उधारी वळती करतो आणि उरलेली रक्कम हातावर ठेवतो. ती किती, हे विचारल्यावर आजींनी विषय बदलला आणि चहा टाकला.

व्यापाऱ्याला व्हिलन ठरवायची मला घाई नाही. तो पैसे आधी घालतो, माल पडून राहिला तर त्याचाही पैसा अडकतो. पण यातली खरी गोची तिथेच आहे, बॉस. जो आधी पैसे घालतो तोच भाव ठरवतो. सत्तरीच्या जोडप्याकडे अडकवायला हजार रुपये नसतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० येतात (२०२३ पर्यंत तर हजारच होते) आणि ते औषधांच्या दुकानात जातात.

ऑफिसमध्ये मी घोंगडं दाखवलं, तर प्रतिक्रिया अगदी टिपिकल. एकीनं हात लावून “टोचतं गं!” म्हणत मागे घेतला. एकाला योगा मॅट म्हणून आवडलं. आमच्या टीममधल्या बार्गेनिंगसम्राटानं विचारलं, “अडीच हजार? ऑनलाइन सातशेला मिळतं. पंधराशेला देतील का ते?” आणि एक अत्यंत सहृदय मुलगी म्हणाली, “आपण त्यांना काही डोनेशन देऊ या का?”

मला यातल्या शेवटच्या दोघांशी भांडायचंय. प्रेमानं.

सम्राट, सातशेचं घोंगडं घोंगडं नसतं. बहुतेक वेळा ते यंत्रावरचं, अ‍ॅक्रिलिक किंवा जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून परत काढलेल्या सुताचं ब्लँकेट असतं. हा जगातला केवढा मोठा धंदा आहे आणि त्याचं मुख्य गाव कोणतं, माहितेय? पानिपत! म्हणजे आपलं पुन्हा एकदा पानिपत झालं, आणि या वेळी सदाशिवरावभाऊही नाहीत. पानिपतचं ब्लँकेट वाईट नाही. स्वस्त आहे, ऊब देतं, ज्याला परवडत नाही त्यानं जरूर घ्यावं. पण ते काळं रंगवून ‘अस्सल धनगरी घोंगडी’ म्हणून विकणं ही शुद्ध टोपी आहे. ओळखायचं कसं? कडेचा एक धागा काढून जाळा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरगळणारी राख होते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. आणि नव्या घोंगड्याला खळीचा कडकपणा आणि चिंचोक्याचा हलका वास असतो. तो वास पानिपतला मिळत नाही.

आणि डोनेशनवाली, तुझ्यासाठी एक अमेरिकेतली गोष्ट. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, युटा या राज्यांत नवाहो लोक राहतात. स्वतःला ते ‘दिने’ म्हणतात. मेंढ्या पाळणारे, आणि त्यांच्या बायका मागावर गालिचे विणणाऱ्या. ओळखीचं वाटतंय ना? त्यांच्याकडेही आपल्यासारखीच राठ लोकरीची, काटक मेंढी. तिचं नाव चुरो. १९३० च्या दशकात सरकारनं जमिनीची धूप होते म्हणून लाखोंनी मेंढ्या कमी करायला लावल्या आणि चुरो जवळजवळ संपली. १९७७ मध्ये लाइल मॅक्‌नील नावाच्या प्राध्यापकानं उरलेल्या चुरो मेंढ्या शोधून कळप परत उभा करायला घेतला.

त्यांचेही व्यापारी होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे ट्रेडिंग पोस्ट असायचे. बाई गालिचा घेऊन यायची, दुकानदार तो कधीकधी चक्क वजनावर घ्यायचा आणि बदल्यात पीठ, कॉफी, कापड द्यायचा. भाव अर्थातच त्याचा. मग १९६८ मध्ये क्राउनपॉइंट नावाच्या गावात शाळेच्या हॉलमध्ये विणकरांनी लिलाव भरवायला सुरुवात केली. आपला गालिचा आपणच आणायचा, किमान भाव आपणच सांगायचा, घेणारा समोर. युटामध्ये ‘अडॉप्ट अ नेटिव्ह एल्डर’ नावाची संस्था आहे. ती म्हाताऱ्या माणसांना धान्याचे, औषधांचे खोके पोचवते, म्हणजे तुझं डोनेशन झालंच. पण त्याबरोबर ती त्यांच्या गालिच्यांचं प्रदर्शन भरवते आणि गालिच्याचे पैसे विणणाऱ्या आजीबाईंकडे जातात. खोका संपतो. प्रदर्शन आहे म्हटल्यावर पुढच्या वर्षीच्या गालिच्याचा ताणा आत्ताच लागतो.

(जाता जाता एक कडू गोळी. नवाहो नमुन्याचे नकली स्वस्त गालिचे जिथून अमेरिकेत जातात, त्या देशांमध्ये आपणही आहोत. आदिवासी कलेच्या नावाखाली भलताच माल खपवू नये म्हणून तिथे १९९० मध्ये कायदा झाला. तिकडच्या आजीची पोटदुखी आपण, आणि आपल्या आजीची पोटदुखी पानिपत.)

म्हसवडच्या आजोबांना मी डोनेशनबद्दल आडून विचारून पाहिलं होतं. ते हसले. “फुकाट कशापायी? काय काम असंल तर सांगा.” मग आम्ही कामच सांगितलं. ऑफिसात यादी फिरवली, बारा नावं आली. भाव आजोबांना विचारला, तर सवयीनं अडीच हजार म्हणाले. आम्ही चहाच्या कपाशेजारी कागदावर त्यांचेच अकरा दिवस मांडले, रोजचा भाव विचारला, आणि आकडा त्यांच्याच तोंडून साडेतीन हजार आला. आजींनी चरखा थांबवला आणि म्हणाल्या, “एवढं कोन देतंय?” निम्मे पैसे आधी दिले. सहा घोंगड्यांची लोकर त्यांनी त्याच आठवड्यात रोख घेतली. हो, घेतली! एका मेंढपाळाची लोकर त्या वर्षी बांधावर पडली नाही.

साडेतीन हजारांत आजोबा-आजींना दिवसाला तीनशेच्या आतबाहेर पडतात. ही काही क्रांती नव्हे. आमच्या टीमचं एका शुक्रवारच्या रात्रीचं बिल यापेक्षा जास्त असतं, आणि तिथे कुणी “पंधराशेला देता का?” विचारत नाही. उलट वर टिप ठेवतो.

आता थोडं प्रॅक्टिकल, कारण यादीवाल्यांचे प्रश्न संपत नाहीयेत.

टोचतं का? टोचतं. पहिले काही दिवस चादर घालून वापरा, वापरानं मऊ पडतं. हलक्या पावसात अंगावर घेतलं तर पाणी लगेच आत येत नाही, म्हणून तर मेंढपाळ त्याची खोळ करून डोक्यावर घेतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल धरूनही अंगाला ओली लागत नाही. पाठदुखीपासून लकव्यापर्यंत सगळं बरं होतं, असं विकणारे सांगतात. ते सोडून द्या. ऊब मिळते, वीस वर्षं टिकतं, एवढं बास आहे की! वॉशिंग मशिनमध्ये घालू नका, गरम पाणी तर नकोच. कधीतरी गार पाण्यातून काढा, एरवी ऊन दाखवून झटका. ठेवताना कडुनिंबाचा पाला.

कधी मिळेल? हा सगळ्यात लोकप्रिय प्रश्न. ट्रॅकिंग नंबर नाही. पावसाळ्यात पांजणी होत नाही, त्यामुळे जूनमध्ये ऑर्डर दिलीत तर दिवाळीपर्यंत कळ काढा. आमची सहा आली, सहा यायचीत. ऑगस्टमध्ये फोन केला तेव्हा आजोबा म्हणाले, “ऊन पडू द्या, मग लावतो खळ.” आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं ‘म्हणजे नेमकी तारीख?’ असं विचारून बघितलं. त्यावर फोन आजींकडे गेला आणि त्यांनी त्याला जेवलास का, ते विचारलं.

मुलांनो, कुणाला घ्यायचं असेल तर म्हसवडलाच जायला पाहिजे असंही नाही. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पट्ट्यात तुमच्यापैकी निम्म्यांचं गाव असतं. दिवाळीला गेलात की घरच्या मोठ्या माणसांना विचारा, घोंगडं विणणारं अजून कोण आहे? जेन करणारं कुणी आहे का? (जेन म्हणजे न विणता, लोकर ओली करून दाबून केलेलं जाड अंथरूण. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीच्या बाजूला विचारा.) नाव मिळेल. मग त्यांचे दिवस विचारा, त्या दिवसांचा भाव त्यांनाच सांगू द्या आणि निम्मे पैसे आधी द्या.

आमच्या यादीत सध्या तेरावं नाव लागलंय. “टोचतं गं!” म्हणाली होती ती. तिची एकच शंका आहे, बेबी पिंकमध्ये मिळेल का? मी फोन केला. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तसली मेंढी कुटं भेटली तर सांग.”